तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रान्सपोर्टेशनचे स्टुडंट अवॉर्ड मिळतात तरी कुणाला?

सिव्हिल करून अमेरिकेत ट्रान्सपोर्टेशनला आलेली आपली मुलं मला हमखास विचारतात, ताई, या अवॉर्डांना सीजीपीए किती लागतो? कधी तिकडून त्यांचे आईबाबाही विचारतात. मार्क चांगले हवेतच, पण निव्वळ मार्कांवर हे अवॉर्ड मिळत नाहीत.

बऱ्याच ठिकाणी आपलं नाव दुसऱ्या कुणीतरी पुढे करावं लागतं. इथे १९८७ च्या कायद्याने युनिव्हर्सिटी ट्रान्सपोर्टेशन सेंटर्स, म्हणजे विद्यापीठांमधली वाहतूक-संशोधनाची केंद्रं, सुरू झाली, ती सेंटर्स दरवर्षी आपापला स्टुडंट ऑफ द इयर निवडतात, आणि जानेवारीत वॉशिंग्टनला टीआरबीचं, म्हणजे ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाचं, अधिवेशन भरतं तेव्हा त्यांचं कौतुक होतं. थीसिसची बक्षिसं वेगळी, टेक्निकल कामाला मिल्टन पिकार्स्की यांच्या नावाचं आणि पॉलिसी-प्लॅनिंगला चार्ली वूटन यांच्या नावाचं. आयझेनहॉवर फेलोशिप फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनची, तिला अर्ज आपणच करायचा, फक्त पात्रतेचे नियम आधी नीट वाचा. आणि मुलींनो, डब्ल्यूटीएसच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टेशनमधल्या बायकांसाठीच्या संघटनेच्या, स्कॉलरशिप सोडू नका, तुमच्या शहराचा चॅप्टर, म्हणजे तिथली शाखा, शोधा.

आता खरा मुद्दा. पायी रस्ता ओलांडणाऱ्याला सिग्नलवर किती सेकंद द्यायचे हे माणूस किती वेगाने चालतो त्यावरून ठरतं, आणि अमेरिकेच्या सिग्नल-पाट्यांच्या नियमांच्या मॅन्युअलमध्ये पूर्वी हा वेग सेकंदाला ४ फूट धरायचे, २००९ च्या आवृत्तीत तो ३.५ केला, कारण वयस्कर माणसं त्याहून हळू चालतात हे लोकांनी रस्त्यावर उभं राहून मोजून दाखवलं होतं. ६० फुटी रस्त्याला पूर्वी १५ सेकंद यायचे, आता १७ च्या वर येतात. काठी टेकत निघालेल्या आजींसाठी ते दोन सेकंद म्हणजे पलीकडच्या फुटपाथला पाय लागणं की गाड्यांसमोर मध्येच अडकणं, एवढा फरक आहे. मला या फील्डचं जे प्रेम आहे ते यासाठीच, आणि कमिटीवर बसलेली माणसंही हेच शोधत असतात, की हे काम कुणाच्या उपयोगी पडलं का.

म्हणून प्रोफेसरांच्या पत्रात काय येतं ते फार महत्त्वाचं. 'मेहनती आहे, हुशार आहे' हे तर सगळ्यांच्याच पत्रात असतं हो. 'हिने हॉस्पिटलसमोरच्या क्रॉसिंगवर स्टॉपवॉच घेऊन टायमिंग घेतले आणि शहराच्या सिग्नल इंजिनिअरने तो डेटा स्वतःहून मागून घेतला' असं एक वाक्य असलं की वाचणारा थांबतो. पण ते वाक्य प्रोफेसरांना सुचावं तर तुम्ही त्यांना तसं वेळोवेळी सांगत राहायला हवं ना, आपली मुलं इथेच कमी पडतात, काम जीव तोडून करतात आणि सांगायला संकोचतात.

टीआरबीच्या अधिवेशनात तुमच्या कामाचं पोस्टर लागलं तर पोस्टर सेशनचे ते पावणेदोन तास अजिबात जागा सोडू नका. टाचण्या लावून झाल्या की बाजूला उभे राहा, समोर येणारा माणूस एखाद्या राज्याच्या डीओटीचा, म्हणजे वाहतूक खात्याचा, असू शकतो, त्याला मॉडेलची समीकरणं आधी दाखवू नका, आधी रस्ता दाखवा, कुठला चौक, काय अडचण होती, काय बदललं. पुढे नाव सुचवायची वेळ येते तेव्हा अशा माणसांना तुम्ही आठवता.

आणि टीआरबीला पेपर द्यायची शेवटची तारीख १ ऑगस्ट असते, तेव्हा ड्राफ्ट प्रोफेसरांच्या हातात जूनमध्येच द्या, जुलैच्या शेवटी त्यांच्याकडे सगळ्यांचेच ड्राफ्ट येऊन पडलेले असतात.