आमची वाटचाल : चुना, दगड आणि बाईंचं घर

"ते मोरोक्कन घर तुम्हीच केलंत ना?" असं अजून कुणी विचारलं की मी ठणकावून सांगतो, हो, आम्हीच. ठणकावून सांगावं लागतं, कारण त्या घराच्या चौकाचा फोटो दुसऱ्याच एका कंत्राटदाराच्या माहितीपत्रकात छापलेला आहे.

मी आणि माझा भागीदार, दोघंही गिलाव्यातले. तो चुन्याचा माणूस, मी जिप्समवर कोरीव काम करणारा. पहिली काही वर्षं कॉर्निस, म्हणजे छताच्या कडेची नक्षीदार पट्टी, आणि छताची फुलं करण्यात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग त्या मोरोक्कन घराच्या मालकीणबाई आल्या. मोरोक्कोतली फेस आणि माराकेश ही शहरं डोळे भरून पाहून आलेल्या. घराच्या आत एकही भिंत साधी ठेवायची नाही आणि बाहेरून एक रेघही ओढायची नाही, ही त्यांची अट. लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. माराकेशचे जुने रियाद, म्हणजे चौकाचे वाडे, असेच असतात. गल्लीकडे कोरी भिंत, सगळा थाट आत, कारंज्याभोवती. बाईंना ते कळलं होतं, हसणाऱ्यांना नाही.

फेसच्या बू इनानिया मदरशात चौदाव्या शतकात जो क्रम लावला, तोच आम्ही धरला. खाली झलीज, मधे कोरलेला गिलावा, वर देवदाराचं लाकूड. झलीज म्हणजे चौकोनी टाइल नव्हे. भाजून चकाकी दिलेल्या मातीच्या टाइलचे मनकाश नावाच्या जड, धारदार हातोडीने तुकडे पाडतात. तुकड्याची मागची कड तिरकी उतरवतात, म्हणजे पुढच्या कडा एकमेकींना घट्ट भिडतात. नक्षी पालथी मांडायची, चकाकी जमिनीकडे. कारागिराला रंग दिसतच नाहीत, मागची माती दिसते. आठ टोकांचा तारा पाठीवरून ओळखून लावायचा. पहिला पट्टा उलटवून उभा केला त्या दिवशी माझा भागीदार किती तरी वेळ नुसता बघत उभा होता.

आम्ही बुडायला आलो ते न्हाणीघरात. तिथे तादलाक्त करायचं होतं, म्हणजे चुन्याचा घोटीव, पाणी न पिणारा गिलावा. थर दाबून बसवायचा, जरा आवळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग ऑलिव्हचा काळा साबण पाण्यात कालवून लावायचा आणि पुन्हा घोटायचा. चुना आणि साबण मिळून पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो, सगळी करामत तिथे आहे. दुपारी आम्ही जेवायला गेलो आणि भिंत लवकर वाळावी म्हणून कुणीतरी मोठा पंखा लावून ठेवला. परत येईतो चारही भिंतींवर केसासारख्या भेगा. बाईंकडे पैसे मागायचं तोंड नव्हतं. सगळं खरवडलं, माल पुन्हा आणला, तोही उधारीवर.

फरशीचं काम घेतलेला तो कंत्राटदार नेमका तेव्हा बाईंकडे गेला. छापील नक्षीच्या टाइल चिकटवून आठवड्यात न्हाणीघर उरकून देतो म्हणाला. आमचे घोटाईचे तीन हात त्याने जास्त रोजावर फोडले. वर्षभर ज्यांना दगड धरायला शिकवलं, ती पोरं! त्यांच्यावर राग नाही, घर त्यांनाही चालवायचं होतं. पण त्या माणसाने गवंड्यांच्या अड्ड्यावर आमचा चुनाच कच्चा होता असं पसरवलं, ते मी विसरलेलो नाही. चुना चोख होता. वारा लागला होता.

बाईंनी त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी जुना गाऊन घालून न्हाणीघरात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दगड द्या." पालथ्या मुठीएवढा, एका बाजूने घासून सपाट झालेला दगड मी त्यांना दिला. अकरा दिवस त्या आमच्या शेजारी बसून घोटत होत्या. दाराजवळचा खालचा कोपरा पूर्ण त्यांचा आहे, आणि हात फिरवलात तर कळेल, आमच्या भिंतीपेक्षा तो जास्त थंड लागतो.

ज्यांच्या घरी तादलाक्त आहे त्यांनी ऐकून ठेवा. व्हिनेगर, लिंबू, संडास धुण्याचं ॲसिड, यातलं काहीही त्या भिंतीला लावू नका. आम्ल चुना खातं. पातळ साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. आणि घोटाई करणाऱ्यांनो, मशीनचा चकतीवाला पॉलिशर वापरू नका. दगड थर दाबतो, चकती तो फक्त खरवडते.

त्या फोटोबद्दल मी त्या कंत्राटदाराला एकदाच फोन केला. "चौकाची फरशी माझीच आहे," म्हणाला. फरशी त्याची, खरं आहे. पण फोटोत फरशी चार बोटं दिसते, बाकी सगळी आमची भिंत.

आता बाईंना जिन्याची भिंत हिरवी हवी आहे. चुना भिजत घातलाय. त्या फोडलेल्या तिघांतला एक परत आलाय, त्याच्यासाठी दगड काढून ठेवलाय.