पगार वाढवले की नोकऱ्या जातात?
आज ऑफिसात यावरनं जाम वाद झाला, एकजण म्हणे किमान वेतन वाढवलं की मालक माणसंच कमी करणार, आणि बाहेर आमचे वॉचमनकाका बारा तासांची ड्युटी संपवून सोल निघालेल्या बुटाला सुतळी गुंडाळत बसलेले, मला पुढं बोलवेचना. अरे, १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी वेतन न वाढवलेल्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली तर फास्टफूडवाल्यांकडच्या नोकऱ्या कमी झाल्याच नव्हत्या. हां, एकदम खूप वाढवलं तर छोट्या धंदेवाल्याला जड जातं, ते मला मान्यच आहे. पण काकांनी अजून किती थांबायचं? "पुढच्या महिन्यात घेतो बूट" म्हणाले, मागच्या महिन्यातही हेच म्हणालेले.