आमची वाटचाल : पानमळ्यातून चूर्णाच्या डबीपर्यंत

नमस्कार मंडळी, आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले, म्हणजे पानपिंपळीच्या (मिऱ्यासारखी तिखट, वेलावरची औषधी पिंपळी) पट्ट्यातले. आमच्या घरी आजोबांपासून हेच पीक, माल वाळवायचा, पोत्यात भरायचा अन व्यापारी म्हणेल त्या भावात द्यायचा. तीच पिंपळी दळून डबीत गेली की कितीच्या काय भावानं विकते हे पाहिलं तेव्हा वाटलं, कास्तकारानं स्वतःच का नाही दळायची, अन कामाला लागलो.

खरं काम वाळवणीचं आहे. पिंपळी भरली पण हिरवी आहे तेव्हाच तोडा लागते, वेलावर पिकली की तिखटपणा कमी होतो अन ती धड दळल्याही जात नाही. मग ताडपत्रीवर कडक ऊन. बोटानं मोडली की कट्ट वाजली पाहिजे, नाही वाजली तर आत ओल आहे, बुरशी धरणार. आई अजूनही प्रत्येक ताडपत्रीवरची मूठभर पिंपळी मोडून पाहते, तिनं हो म्हटल्याशिवाय आमची चक्की चालू होत नाही.

आधी साधी पावडर केली, मग आयुर्वेदिक औषधाचं लायसन काढलं (कागदपत्रांनी लय दमवलं) अन त्रिकटू सुरू केलं, सुंठ, मिरे, पिंपळी समान भाग. नंतर सितोपलादि, त्यात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ अन दालचिनी १. बांबूच्या पेरातलं अस्सल वंशलोचन महाग पडते, बाजारात नकली भरपूर आहे, पण आम्ही तिथं तडजोड करत नाही, डबी महाग झाली तरी चालेल.

खोकला, कफ, भूक न लागणं यासाठी लोक नेतात. पण फोन येतात, भाऊ यानं शुगर जाईल का? आम्ही सरळ नाही म्हणतो. अहो सितोपलादित निम्म्याहून जास्त साखरच आहे, शुगरवाल्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये! तसंही असे दावे जाहिरातीत करायला औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. अन पिंपळी वर्षभर रोज खायची वस्तू नाही, चरकसंहितेतच सांगितलंय की पिंपळी, क्षार अन मीठ यांचा अतिवापर करू नका. पिंपळीतल्या पायपरीनमुळे (तिला तिखटपणा देणारा घटक) काही अॅलोपॅथी गोळ्या अंगात जास्त शोषल्या जातात, म्हणून फिट्सच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर आम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालते.

आता आजूबाजूच्या कास्तकारांचा मालही घेतो, पण वाळलेला असेल तरच, अन मोडून आईच पाहते.