दहा पाउंडांची रजई

शनिवार, रात्री उशिरा

आज ग्रुपवर परत किमतीवरून चर्चा. घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायका-मुलांसाठी इथे ग्लासगोत जो निवारा आहे ना, त्याच्या मदतीसाठी आमचा पुढच्या महिन्यात स्टॉल आहे, त्यात जुन्या साड्यांच्या गोधड्या ठेवणार आहोत. एकीने लिहिलं, "घरच्याच साड्या, घरचाच दोरा, एवढे पैसे कोण देणार गं, पंचवीस पाउंड लावू." खाली अंगठ्यांची रांग. मला काही ते पटलं नाही, आणि तेव्हापासून डोक्यात सारखी अ‍ॅन मॅकबेथ घोळतेय.

ही बाई इथलीच, म्हणजे ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये भरतकाम शिकवायची. तिथे भरतकामाचे वर्ग सुरू केले जेसी न्यूबेरीने, 1894 मध्ये, आणि पुढे त्या विभागाची जबाबदारी अ‍ॅनकडे आली. महागडं रेशीम नको, साधं लिनेन घ्या, स्वस्त कापड घ्या, पण डिझाइन स्वतःचं करा, असा त्यांचा खाक्या. शनिवारी शाळामास्तरणींसाठी वेगळे वर्ग असायचे, म्हणजे ते पुढे शाळेतल्या मुलींपर्यंत जाणार. मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर चित्रकला आणि शिल्पकला शिकवणाऱ्या कॉलेजात सुईदोऱ्यालाही तेवढ्याच मानाने जागा मिळाली. (रेनफ्रू स्ट्रीटवरून जाताना ती इमारत दिसते, 2014 आणि 2018 अशी दोनदा जळलेली, अजून परांचीत अडकलेली. दर वेळी वाईट वाटतं.)

तर 1910 च्या एप्रिलमध्ये इथे बायकांना मत मिळावं म्हणून लढणाऱ्या बायकांचं मोठं प्रदर्शन-विक्री भरलं, एमेलिन पँकहर्स्ट यांच्या संघटनेसाठी पैसे उभे करायला. त्यासाठी अ‍ॅनने एक रजई तयार केली. लिनेनचे तुकडे, रंग जांभळा, पांढरा, हिरवा, हेच त्या संघटनेचे रंग, आणि त्यावर भरलेल्या 80 सह्या. या सह्या देणगी देणाऱ्यांच्या नाहीत हं, तुरुंगात उपोषण केलेल्या बायकांच्या आहेत. हे उपोषण प्रकरण तेव्हा अगदी ताजं होतं, जुलै 1909 मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉपने पहिल्यांदा केलं, तीही कलाकार, आणि स्कॉटलंडचीच, 91 तास काही खाल्लं नाही तेव्हा सरकारने घाबरून सोडली. मग बाकीच्यांनीही तोच मार्ग धरला आणि सप्टेंबरपासून सरकारने नाकातोंडातून रबराची नळी घालून जबरदस्तीने भरवायला सुरुवात केली. हात-पाय धरून, चार-पाच जणींनी दाबून ठेवून. म्हणजे ज्या बायकांची नावं त्या रजईवर आहेत त्यांतल्या काहींनी हे सोसून जेमतेम काही महिने झाले असतील.

आणि ते सगळं एका रजईवर, विकायला!

आज रात्री जेवणं आटोपल्यावर लिनेनचा एक तुकडा घेतला, पेन्सिलीने माझी सही केली आणि ती देठटाक्याने भरायला बसले, बघू तरी कसं होतं. सरळ रेघ पटकन जाते, पण वळण आलं की टाका अगदी बारीक घ्यावा लागतो, दोरा प्रत्येक वेळी एकाच बाजूला ठेवावा लागतो, नाहीतर गोलाई मोडते आणि सही आपली वाटतच नाही, कुणीतरी छापल्यासारखी दिसते. पेन उचलून परत टेकवलंय तिथे दोरा मागून कसा न्यायचा हाही प्रश्नच. आईच्या गोधडीचा धावदोरा हाताला बसलाय, डोळे मिटूनही जाईल, पण हे वेगळंच काम. हे ऐंशी जणींच्या ऐंशी हातवळणांचं करायचं, कुणाचं तिरपं, कुणाचं गिचमिड. यात किती डोळे गेले असतील, किती पाठ गेली असेल, याचा हिशोब त्या किमतीत धरायला नको का?

ती रजई विकली गेली दहा पाउंडाला. घेतली एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी, ते तीन रंग ज्यांनी ठरवले त्याच. आता दहा पाउंड म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही पण तेव्हा इथे घरकामाच्या मुलीला अख्खं वर्ष राबून साधारण पंधरा ते वीस पाउंड मिळायचे. म्हणजे अर्ध्या वर्षाचा पगार! "भरतकामच तर आहे" असं म्हणून कुणी दोन-तीन पाउंडावर आणलं नाही. आणि ती घडी घालून कपाटातही गेली नाही, तिचा झेंडा झाला. त्याच वर्षी 18 जूनला लंडनमध्ये बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला, "तुरुंगातून नागरिकत्वाकडे" असं त्याचं नाव, त्यात ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरून नेली. आता लंडनच्या म्युझियमच्या संग्रहात आहे. ब्रिटनमधल्या बायकांना मत मिळायला 1918 उजाडलं, तेही तिशी ओलांडलेल्यांनाच, आणि पुरुषांच्या बरोबरीने मिळालं ते 1928 मध्ये.

मला खरंच वाटतं की चांगल्या कामासाठी आहे म्हणून स्वस्तात द्या, हे फक्त बायकांच्या हातकामालाच सांगितलं जातं. एखाद्या चित्रकाराने अशाच कामासाठी पेंटिंग दिलं तर आपण कॅनव्हासचा आणि रंगाचा खर्च काढून किंमत लावतो का? नाही ना. मग पैठणीच्या काठाची, चार थर एकत्र धरून आठ-आठ आठवडे शिवलेली गोधडी पंचवीसला का द्यायची, आणि निवाऱ्यातल्या बायकांच्या वाट्याला कमी पैसे का जायचे?

आत्ताच ग्रुपवर लिहून टाकलं. प्रत्येक गोधडी दीडशे पाउंड, कमी नाही. शिवाय मागच्या बाजूला कोपऱ्यात जिने शिवली तिची सही भरायची, मराठीत करते तर मराठीत, देठटाका कसा घ्यायचा ते मी बुधवारी दाखवते. दोघींचे हो आलेत, एकीचं "बघू" आलंय. तिला उद्या फोन करते.