नको ती सुई, नको ते ग्लोव्हज

बुधवार, रात्री उशिरा

आज राउंडच्या वेळी डॉक्टरांना विचारलं, "रिपोर्ट काहीही आला तरी आपण उपचार बदलणार आहोत का?" त्यांनी फाइल चाळली आणि आमच्या वॉर्डातल्या, शेवटच्या दिवसांत असलेल्या पेशंट आजोबांचं रोजचं रक्त घेणं बंद केलं. कोलेस्टेरॉलची गोळीही थांबवली. कोपरापासून मनगटापर्यंत सुयांचे काळेनिळे डाग आहेत, त्यांत आता भर पडणार नाही. शिवाय प्रत्येक सुईमागे सिरिंज, ट्यूब, स्वॅब, वेष्टनं, लॅबमधली रसायनं असतातच. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ४ ते ५ टक्के आरोग्यसेवेतून बाहेर पडतात. त्यातला पेशंटच्या काहीच कामी न येणारा वाटा आधी कमी व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ग्लोव्हजचं तेच. रक्त, लघवी, उघडी जखम, तोंडाची स्वच्छता, केमोची औषधं, तिथे ते हवेतच. पण उशी सारखी करायला? कूस बदलताना धडधाकट कातडीला हात लावायला? नीट धुतलेले हात पुरतात, आणि ग्लोव्हज चढवले की हात धुणंच मागे पडतं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलने २०१८ मध्ये हेच नर्सेसना समजावून दिलं आणि वर्षभरात २१ टन प्लास्टिक वाचवलं. दुपारी आजोबांचा हात मी तसाच, मोकळ्या हाताने धरला. बोलणं थांबलंय, पण बोटं अजून पकड घेतात. ती गार पडली होती. ग्लोव्हजमधून मला ते कळलं नसतं. आणखी एक पांघरूण घातलं, तशा कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

एका गोष्टीची मात्र धास्ती वाटते. पर्यावरणाचं नाव पुढे करून कुणी अंडरपॅड (पेशंटखाली अंथरायचे ओल शोषणारे पॅड) मोजून द्यायला लागलं तर? पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेची, गरज असलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांच्या वाट्याला मुळातच इतकं कमी येतं, त्यांच्यापासून काटकसर सुरू करायची नाही. पॅड ओला झाला की लगेच बदलायचा, मॉर्फिनचा डोस वेळेवर द्यायचा, यात हिशेब नको. उद्या ड्युटी बदलताना हँडओव्हरला इन्चार्ज सिस्टरांशी हे स्पष्ट बोलणार आहे. ग्लोव्हजचे खोके खाटेजवळून ड्रेसिंग ट्रॉलीवर हलवता येतील का, तेही विचारते. सॅनिटायझर मात्र खाटेशीच राहू दे.