तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पैशात फॉर्च्युनर आली असती

आली असती. 2021 साली मी बीएमडब्ल्यू घेतली, त्या पैशात टोयोटाची ती धिप्पाड फॉर्च्युनर आली असती आणि वर काही लाख उरलेही असते. मी सीए आहे, नागपुरात धरमपेठेत वीस वर्षं लोकांचे ताळेबंद बघते आहे, तेव्हा ही वजाबाकी मला येत नाही असं समजून पुन्हा समजावू नका. लग्नाच्या पंगतीत समजावून झालं आहे, ऑडिटच्या मधल्या चहाला समजावून झालं आहे. शंकरनगर चौकात तर एका स्कूटरवाल्याने सिग्नलवर मला काच खाली करायला लावली: "काऊन वो ताई, इतक्या पैशात तर फॉर्च्युनर आली असती ना!" नव्वद सेकंदांचा सिग्नल होता. त्यातले साठ त्याने फॉर्च्युनरवर घालवले.

सप्टेंबर 2023 नंतर या प्रश्नाला शेपूट फुटलं. "आणि इतकं होऊनही ठेवलीच?"

म्हणून एकदाच लिहून टाकते. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

गाडी बीएमडब्ल्यू 330आय. मिस्टरांची का, हा पोटप्रश्न आधी मिटवते. नाही. मिस्टर वॅगन-आर चालवतात आणि सुखी आहेत. कर्जाचे हप्ते माझे, पेट्रोल माझं, आणि पंपावरचा पोरगा जेव्हा माझ्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या सीटकडे बघत "डिझेल ना?" म्हणतो तेव्हा होणारी चिडचिडही माझीच.

घेतली तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, सेफ्टीसाठी घेतली. सहा एअरबॅग आहेत, ब्रेक चांगले आहेत, रात्री-बेरात्री एकटीला यावं लागतं, वगैरे. थापा होत्या. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने "मला गाडी चालवायला आवडते, जरा जोरातच आवडते" असं म्हटलं की समोरचा माणूस तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याकडे बघतो. ते टाळायला एअरबॅग बऱ्या पडल्या. सीए म्हणून तर माझ्याकडे एकही बचाव नाही. गाडीवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, आयकरात 15 टक्के घसारा मिळतो, आणि बाजारात ती त्याहून जोरात घसरते. क्लायंटने असा व्यवहार समोर ठेवला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं.

घेण्याआधी चार गाड्या चालवून बघितल्या. ऑडी ए-फोर आणि व्होल्वो एस-सिक्स्टी, दोन्ही त्याच वर्षीच्या जानेवारीत आल्या होत्या. दोन्हींत 190 अश्वशक्ती, दोन्हींची ओढ पुढच्या चाकांना. ऑडीचं दार लावलं की जुन्या सागवानी कपाटासारखा आवाज यायचा आणि आत बाहेरचं नागपूर बंद व्हायचं. इतकी नीटनेटकी गाडी की तिच्यात बसून मला माझंच ऑफिस आठवलं. व्होल्वोच्या सीटा एखाद्या हाडाच्या डॉक्टरने बसून, उठून, पुन्हा बसून केल्यासारख्या. आजही पाठ दुखली की मी त्या सीटांना मनातून नमस्कार करते. तेव्हाची मर्सिडीज सी-क्लास गुळगुळीत, शालीन, मागे बसणाऱ्याची गाडी. मला मागे बसायचं नव्हतं. (2022 ला नवी सी-क्लास आली, आतेभावाने घेतली. समोरचा उभा स्क्रीन इतका मोठा की तो गाडी चालवताना टीव्ही बघतोय असं वाटतं. डिझेल इंजिन मात्र गाडी काय खेचतं!)

मग ही. 258 अश्वशक्ती, 400 न्यूटन मीटर, थांबलेल्या जागेवरून शंभरला सहा सेकंदांच्या आत. पण हे आकडे सांगायला लागले की समोरच्याचे डोळे विझतात, आणि खरं तर मला आकड्यांनी विकली गेलेलीच नाही ती. ढकलण्याचं काम मागच्या चाकांचं, वळण्याचं काम पुढच्यांचं. इंजिन पुढे, बॅटरी मागे डिकीत, वजन दोन्हींकडे जवळपास निम्मं-निम्मं. म्हणजे वळणात गाडी तुमच्या कमरेखालून वळते. ज्याने कधी नुसती कंबर कलवून सायकल वळवली आहे त्याला कळेल.

यासाठी छिंदवाड्याच्या रस्त्याला जावं लागतं. सावनेर, मग सौंसर, संत्र्यांचे ट्रक मागे टाकले की पुढे सिलेवानीचा घाट लागतो. दोन्हीकडे साग. महिन्यातल्या एका रविवारी पहाटे मी तिथे जाते, वर चहा पिते, परत येते. नवऱ्याने पहिल्यांदा विचारलं होतं, कुणाकडे गेली होतीस. कुणाकडेच नाही.

"आता समृद्धी झाला, तुझ्या गाडीला रस्ता मिळाला," असं म्हणणाऱ्यांनी समृद्धीवर गाडी चालवलेली नसावी. 701 किलोमीटर, 120 ची मर्यादा, आणि समोर पट्टीने काढलेली रेघ. तिथे स्टिअरिंगला काम नाही आणि माणसाला झोप. समृद्धीसाठी व्होल्वो घ्या.

फॉर्च्युनरही चालवली आहे मी. उगाच नावं ठेवत नाहीये. 204 अश्वशक्ती, 500 न्यूटन मीटर, शिडीसारख्या फ्रेमवर बसवलेली. मनीषनगरच्या गल्लीतून निघाली की लोक आपोआप बाजूला होतात. माझ्या गाडीसमोर होत नाहीत, उलट फोटो काढायला मध्ये येतात. स्पीडब्रेकरवर तिला विचार करावा लागत नाही. मी आमच्या कॉलनीतला प्रत्येक ब्रेकर तिरपा काढते, मागचा हॉर्न वाजवतो, तरी चौथ्या ब्रेकरला पोटाखालून खर्रर होतंच. उन्हाळ्यात, 45 अंशांत, माझ्या गाडीच्या कडक कडांच्या टायरांवर सिमेंट रोडचा प्रत्येक सांधा मणक्यात मोजता येतो. हे सगळं मान्य. पण घाटात फॉर्च्युनर आधी झुकते, मग विचार करते, मग वळते. तोवर माझं वळण संपलेलं असतं.

आता ते शेपूट.

22 सप्टेंबर 2023. मावशीकडे महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण. मावशी तेव्हा अंबाझरी लेआउटमध्ये एका फ्लॅट स्कीमच्या तळमजल्यावर राहायची. सोळा भाज्या, पुरण, आंबील, चाळीसेक पानं. आवराआवरीत अकरा वाजले. ती म्हणाली राहा, राहिले. खालचं पार्किंग पाहुण्यांनी भरलेलं होतं, म्हणून गाडी बेसमेंटच्या उतारावरच लावली होती. तोंड खाली, डिकी रस्त्याकडे.

मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला. तीन-चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, हे सगळं नंतर पेपरात वाचलं. आम्हाला कळलं ते मावशीने पलंगावरून पाय खाली टाकले तेव्हा.

पहाटेचे पावणेपाच असतील. लाइट गेलेले. हॉलमध्ये घोट्याच्या वर पाणी, गटाराच्या वासाचं, आणि चढत होतं. मोबाइलच्या उजेडात महालक्ष्म्या उभ्या होत्या, साड्यांचे काठ भिजलेले, समोरचा फुलोरा हळूहळू दाराकडे निघालेला. विसर्जन त्याच दिवशी व्हायचं होतं. मावशी म्हणाली, "मी अक्षता टाकते, तू मुखवटे उतरव. माझा हात पुरत नाही."

माझ्या हातात गाडीची किल्ली होती. कधी घेतली आठवत नाही. मी म्हणाले, "दोन मिनिटं. गाडी तेवढी वर घेते."

"गाडी कुठं पळून चालली का?"

मी गेले.

हे आजवर कुणाला असं सांगितलेलं नाही. सांगते तेव्हा नेहमी, आधी मावशीला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पोचवलं आणि मग गाडीकडे गेले, असं सांगते. तसं झालं नव्हतं.

उतारावर गाडीचं नाक बॉनेटच्या कडेपर्यंत पाण्यात होतं. मागची चाकं अर्धीच बुडालेली. दार ओढलं तर पाणी माझ्या आधी आत शिरलं. ब्रेकवर पाय ठेवला, बटन दाबलं. बॅटरी मागे, ती कोरडी, म्हणून आत सगळं नेहमीसारखं उजळलं. इंजिन लागलं. खरंच लागलं. मी रिव्हर्स टाकला, जरा पाय दिला, आणि पुढून आवाज आला. एकच. खलबत्त्यात बत्ता हातातून सुटून पडावा तसा. मग काही नाही.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हवेच्या फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं, पिस्टन वर आला, त्याला जागा मिळाली नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. मला हे तेव्हाही माहीत होतं, हेच तर दुखणं आहे. 'हायड्रोस्टॅटिक लॉक' हे शब्द एका क्लायंटच्या क्लेमसाठी मी स्वतः टाइप केलेले आहेत. पाण्यात उभी असलेली गाडी सुरू करायची नाही, ओढून न्यायची, असं दर पावसाळ्यात ऑफिसमधल्या आर्टिकलच्या, म्हणजे शिकाऊ, पोरांना मी सांगते. बटनाला हात न लावता मी परत वळले असते तर ते इंजिन बहुतेक वाचलं असतं.

उतरले तेव्हा हेडलाइट चालूच होते. पाण्याखाली. गढूळ पाण्यात दोन पांढरे झोत आणि त्यातून कुणाच्या तरी घरातली प्लास्टिकची चौरंगी जात होती. मी तिथे किती वेळ उभी होते ते खरंच सांगता येणार नाही.

परत आले तर मावशी डायनिंग टेबलावर बसलेली. दोन्ही मुखवटे पदरात. कसे काढले, मी विचारलं नाही. स्टूल आडवं होऊन तरंगत होतं, आणि तिच्या नडगीवरचं खरचटलेलं पुढे महिनाभर दिसत होतं.

"झाली का चालू?"

"नाही."

"मग ही धर." तिने धाकटी, कनिष्ठा, माझ्या हातात दिली.

त्या रात्री या शहरात माणसं गेली. हजारो घरांत पाणी शिरलं, रस्त्यांवर बोटी फिरल्या. त्यापुढे गाडीचं दुःख सांगायची लाज वाटते, म्हणून सांगत नाही. पण झालं होतं, हे खोटं नाही.

पॉलिसी झिरो डेपची होती, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारी. इंजिन प्रोटेक्ट नव्हतं. रिन्युअलच्या वेळी काही हजार वाचवायला ते मीच काढलं होतं. "नागपुरात कुठला पूर येतो," हे माझं वाक्य, एजंट साक्षीला आहे. आतलं कार्पेट, वायरिंग, सीटच्या मोटरी, यांचे पैसे आले. इंजिनचे आले नाहीत. पूर ही आपत्ती आणि बटन दाबणं हा माझा निर्णय. क्लेम नाकारणाऱ्याच्या खुर्चीत मी असते तर मीही नाकारला असता. बिलाचा आकडा लिहीत नाही, मिस्टरांची वॅगन-आर त्यात नवी आली असती एवढंच सांगते. गाडी परत यायला साडेतीन महिने लागले.

तर, फॉर्च्युनर असती तर? असती तर कदाचित वाचली असती, तिचं नाकच तेवढं वर आहे. पण मला रात्री जाग येते ती दुसऱ्याच गोष्टीने. फॉर्च्युनर असती तर मी तिच्यासाठी पळाले असते का? मला नाही वाटत. मी म्हटलं असतं, जाऊ दे, इन्शुरन्स आहे, आणि मुखवटे उतरवायला हात वर केला असता. म्हणजे तुम्ही सगळे बरोबरच होतात की काय, फॉर्च्युनरच घ्यायला हवी होती, असंही कधी कधी वाटतं. कारण तुमचं नसलं तरी.

विकत का नाही? एक तर पूर बघितलेल्या गाडीला भाव नाही. दोघांनी आकडे सांगितले, दोन्ही ऐकून मी हसले. पण समजा उद्या कुणी चांगले पैसे दिले, तरी? दुरुस्त होऊन आल्यावर पहिल्या रविवारी मी सिलेवानीला गेले. जाताना सबंध रस्ताभर रेडिओ बंद ठेवून इंजिन ऐकत होते. पहिल्या दोन वळणांना माझा पायच उठत नव्हता. तिसऱ्याला ती तशीच वळली, पूर्वीसारखी, कमरेखालून. मला आनंद झाला. लगेच लाज वाटली. मग चौथं वळण आलं.

मावशी आता प्रतापनगरला दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट आहे. त्या पहाटेबद्दल ती एका शब्दाने बोललेली नाही, टोमण्यातसुद्धा नाही. आणि आख्ख्या नातेवाइकांत फॉर्च्युनरचं नाव न काढणारी ती एकटीच होती. यंदा महालक्ष्म्यांच्या आधी मुखवटे उजाळायला तिला इतवारीत सराफाकडे घेऊन गेले. येताना डबा तिच्या मांडीवर होता. घराखाली गाडी थांबवली. तिने एक पाय बाहेर टाकला, दाराची कड धरली, एकदा जोर केला, पुन्हा खाली बसली. दुसऱ्यांदा गुडघ्यावर हात दाबून कशीबशी उभी राहिली, दम घेतला, आणि छताकडे, जे तिच्या डोक्याच्याही खाली होतं, जरा वेळ बघत राहिली.

"काय गं," ती म्हणाली, "ती फॉर्च्युनर केवढ्याला येते?"