मी आवाज दिलाच नव्हता

मी कानाची तपासणी करते; हेडफोनमध्ये सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मी काहीच सोडलेलं नव्हतं, तरी मामा बटण दाबत होते. बूथच्या काचेपलीकडं डोळे मिटून, अगदी मन लावून.

मामा शिरोलीच्या एका फौंड्रीत २६ वर्षं फेटलिंगला. साच्यातून निघालेल्या कास्टिंगची कड ग्राइंडरनं घासायचं काम. मुलगा त्यांना घेऊन आला तो मात्र विसरण्याच्या काळजीनं. हातात स्मरणशक्तीच्या चाचणीचा कागद: ३० पैकी १८, खाली "स्मृतिभ्रंशाची शंका". या चाचणीत पाच शब्द वाचून दाखवतात आणि पाच मिनिटांनी विचारतात. १०० मधून सात-सात वजा करायला लावतात. हे प्रश्न तोंडी. समोरच्याला शब्द नीट ऐकू येतात का, हे कुणी तपासलेलंच नव्हतं. असले कागद माझ्याकडं वरचेवर येतात आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. बधिर पायाच्या माणसाला पळवून त्याचा दम मोजतात का कुणी?

मी सलग सूर बंद करून तुटक सूर लावला. मामांच्या कानात बाहेर काही नसतानाही आवाज चालू असतो, आणि तो एकसारखा; त्यामुळं थांबून-थांबून येणारा सूर त्यातून वेगळा काढता येतो. चुकीची बटणं थांबली. ऐकण्याचा आलेख ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक सुरांपाशी, खड्ड्यात गेला. गोंगाटानं गेलेला कान असाच दिसतो. स, श, फ असली अक्षरं त्यांच्यापर्यंत धड पोचत नव्हती.

मग कानातल्या आवाजाची जुळणी. हे काम मी घाईनं करत नाही. "असा? का ह्याहून बारीक?" करत करत ६००० हर्ट्झवर मामांनी हात वर केला. "ह्योच! रात्रभर ह्योच ग्राइंडर चालू असतोय." तो आवाज किती मोठा, हे मोजलं तर ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा जेमतेम ५ डेसिबल वर.

"एवढाच?" मुलगा म्हणाला.

बहुतेकांचा एवढाच निघतो. आणि कानात आवाज असणंही नवलाचं नाही. हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ मध्ये चांगलं ऐकणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. त्रास ठरतो तो मेंदू त्या आवाजावर किती पहारा देतो यावर. पहाऱ्याला बसलेलं लक्ष मग हिशेबाला कमी पडतं.

मी पाच शब्द कागदावर लिहून दिले: गूळ, चावी, बैल, तळं, पोळी. पाच मिनिटांनी मामांनी चार सांगितले. बूथच्या शांततेत वजाबाकी ८६ वर अडली. कानातला आवाज झाकायला हेडफोनमध्ये हलका पावसाचा आवाज लावला, तर ९३, ८६, ७९, ७२, ६५. मामी पदर तोंडाला लावून बसल्या.

पण दुसऱ्यांदा केलं म्हणूनही जमलं असेल. मामा रात्री तीन तासही झोपत नाहीत, त्याचाही वाटा असेल. ऐकू न येणं, झोप नसणं, जिवाला घोर आणि तो आवाज, यातलं कुणी किती डोकं खाल्लं, हे माझ्या मशीनला वेगळं काढता येत नाही.

शिवाय त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, निघाला, दोन वर्षांपूर्वीचा. खाली माझंच अक्षर: "कानात आवाज. सवय करून घ्यावी." त्या दिवशी बाहेर रांग असेल. झोप लागते का, कामात लक्ष लागतं का, मी विचारलं नव्हतं. मामांनी तो कागद घडीसुद्धा न मोडता जपला होता.

मेंदूच्या डॉक्टरांची तारीख रद्द करू नका, म्हणून बजावलं. श्रवणयंत्रासाठी कानाचं माप घेतलं, रात्री उशाशी हलका आवाज लावून ठेवायला सांगितलं.

"मशीन लावल्यावर ह्यांचं डोकं पहिल्यासारखं चालंल न्हवं?" मामींनी दारात विचारलं.

"कानाचं सांगते मामी, ऐकू जास्त येईल. डोक्याचं तीन महिन्यांनी परत बघू. त्या वेळी प्रश्न लिहून देऊ."